पिवळ्या चिठ्ठीबाबत खुलासा

साहेब, माझ्या मधमाश्यांच्या अकरा पेट्या तुम्ही मारल्यात. जाळल्यात म्हणून मी तक्रार करत नाही, जाळणं भागच होतं, तेवढं मलाही कळतं. पण ती वेळ आणलीत तुम्ही, आणि कागदावर नाव लावलंत माझं.

तुमची नोटीस पोचली. प्रशिक्षणात असभ्य वर्तन, अधिकाऱ्याचा अवमान आणि कार्यालयीन वस्तूची चोरी, असे तीन आरोप आहेत आणि सात दिवसांत लेखी खुलासा मागितला आहे. करते खुलासा. कागद जास्त लागले तर लागू देत. आणि शुद्धलेखनाच्या चुका काढत बसू नका, त्यात तुमचा वेळ जाईल आणि मूळ मुद्दा तसाच राहील.

सुरुवात आत्यापासून करावी लागेल, कारण धुणं मला तिने शिकवलं आणि तुम्ही लिहिलंय की मला धुता येत नाही.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. लग्न केलं नाही, माश्या पाळल्या. फुलं नसतात त्या दिवसांत माश्यांना साखरेचा पाक द्यावा लागतो, आणि तो ज्यात द्यायचा त्याला तुमच्या कागदात खाद्यपात्र म्हणतात. आम्ही पाकाचा डबा म्हणतो. उभा, अरुंद, पोळं ज्यात बांधतात त्या चौकटीएवढा. पेटीत कडेची एक चौकट काढायची आणि तिच्या जागी हा बसवायचा. आत पाकावर तरंगणारी लाकडाची पट्टी असते. माशी तिच्यावर उभी राहून पिते. पट्टी नसली की बुडून मरते. एवढीच वस्तू. पण ही एवढीशी वस्तू आत्याने मला दोन वर्षं नुसती धुवायला लावली, पेटीला हात लावू दिला नाही.

उरलेला पाक पेट्यांजवळ ओतायचा नाही, वासावर परक्या माश्या येतात आणि लुटालूट सुरू होते. आधी गार पाणी. मग धुण्याचा सोडा घातलेलं कोमट पाणी. कढत घातलं तर प्लास्टिक वाकडं होतं आणि मग डबा गळतो. कोपऱ्यात काळी बुरशी धरते, ती ब्रशने निघत नाही, काडीला फडकं गुंडाळून काढायची. पट्टी वेगळी उकळायची. साबण अजिबात नाही, वासाचा तर नाहीच. तीनदा खंगाळून उन्हात उपडा. आणि शेवटी नाक घालायचं. आत्या डबा माझ्या तोंडासमोर धरायची आणि म्हणायची, घाल नाक. आंबूस, गोड, सोड्याचा, कसलाही वास आला की पुन्हा पहिल्यापासून. कशाचाच वास आला नाही तर डबा धुतला गेला.

आत्या गेल्यावर पेट्या माझ्याकडे आल्या. चार होत्या, अकरा केल्या. प्रत्येक डब्यावर मी तापलेल्या खिळ्याने पेटीचा नंबर कोरला, म्हणजे सातव्या पेटीचा डबा चुकूनही आठव्या पेटीत जाणार नाही. एका पेटीचं दुखणं दुसरीत जातं ते असंच, डब्यांतून, चौकटींतून, आपल्या हातांतून. आमचे हे फरशा बसवायचं काम करतात. रविवारी मी अंगणात टब मांडून बसले की शेजारून म्हणायचे, माझा जेवणाचा डबा इतका कधी घासला नाहीस. मी म्हणायचे, तुम्ही पाक खात नाही ना.

आता तुमच्याकडे येते.

गेल्या वर्षी मधमाशी केंद्राकडून तुम्ही तपासणीला आलात. मी तोंडावर जाळीचा बुरखा घालून पेटी उघडली होती. तुम्ही डबा उचललात, उजेडात धरलात, आणि बरोबरच्या माणसाला म्हणालात की इतकं स्वच्छ खाद्यपात्र आपल्या केंद्रातही नाही. तुमच्या आठवणीत नसेल. माझ्या आहे, कारण त्या दिवशी मी नणंदेला फोन करून ते शब्द जसेच्या तसे ऐकवले होते. मग तुम्ही चार डबे मागितलेत, आठ दिवसांसाठी, नवीन लोकांना दाखवायला. मी दिले. तीन, चार, सात आणि नऊ. पुसून, कापडात गुंडाळून दिले. मूर्खपणाची सुरुवात तिथे झाली. ती माझी. ती मी कबूल करते.

आठ दिवसांनी तुमचा ड्रायव्हर पोत्यात चार डबे घेऊन आला. प्रत्येकाच्या कानाला दोऱ्याने बांधलेली पिवळी चिठ्ठी. चिठ्ठीवर छापलेलं, "निर्जंतुक केले, तपासले", खाली तारीख आणि तुमची सही. सात नंबरचा डबा माझा होता. बाकी तिघांवर नंबरच नव्हते. मी ड्रायव्हरला म्हटलं, हे माझे नाहीत. तो म्हणाला, बाई, डबा तो डबा, आणि निघून गेला.

माश्या तेव्हा उपाशी होत्या. फुलं संपून महिना झाला होता आणि चार पेट्यांचे डबे तुमच्याकडे अडकलेले. मी घाईने पाक केला. हे दारात बसून बूट काढत होते. त्यांनी विचारलं,

"धुणार नाहीस?"

"साहेबांची सही आहे," मी म्हटलं.

बावीस वर्षांत त्या एका दिवशी मी डबा न धुता पेटीत ठेवला. नाक घातलं नाही. तुमच्या चिठ्ठ्या मात्र टाकल्या नाहीत, त्या चारही पेट्यांच्या झाकणाखाली खोचून ठेवल्या, मानपत्रासारख्या. मला अभिमान वाटला होता, साहेब. एवढा मोठा माणूस आपला डबा धुवून परत पाठवतो. माझ्या आत्याने हे बघितलं असतं तर तिने मला त्याच टबात बुडवलं असतं.

तीन आठवड्यांनी चौथ्या पेटीत वास आला. सुताराच्या सरसासारखा. पोळ्यातल्या घरकुलांची झाकणं आत बसलेली, काळपट. काडी घालून ओढली तर अळीच्या जागी चिकट तार निघाली, बोटभर लांब. अळ्या सडवणारा हा आजार पुस्तकात वाचलेला होता, बघितला पहिल्यांदा. तिसरी, सातवी, नववी, सगळीकडे तार. ज्या पेट्यांत तुमचे डबे गेले त्याच चार. बाकीच्या सातांत तेव्हा काही नव्हतं.

मला लपवता आलं असतं. बरेच जण लपवतात, पेट्या रातोरात दुसऱ्या गावी विकतात, तुम्हालाही ते माहीत आहे. मी त्याच तासाला तुमच्या कार्यालयात फोन केला. तुम्ही माणसं घेऊन आलात. सूर्य मावळल्यावर, माश्या घरी परतल्यावर, दारं बंद करून अकराच्या अकरा पेट्या खड्ड्यात ठेवल्या. आजार एकदा शिरला की सगळ्याच जाळाव्या लागतात, नियम बरोबर आहे. डबेही गेले, चिठ्ठ्याही गेल्या. पेट्रोल टाकल्यावर आतून जो आवाज झाला त्याबद्दल मी लिहिणार नाही. तो तुम्हीही ऐकलात.

मग तुम्ही गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून फॉर्म भरलात. कारणाच्या रकान्यात लिहिलंत, "मधमाशीपालकाची अस्वच्छता, खाद्यपात्रे गलिच्छ". मी सांगितलं की डबे तुमच्याकडून आले होते, त्यांना चिठ्ठ्या होत्या. तुम्ही म्हणालात, चिठ्ठ्या दाखवा. आपण दोघं त्या खड्ड्याच्या काठावर उभे होतो. मी खड्ड्याकडे बोट केलं. तुम्ही पेनाला टोपण लावलंत.

तीन वर्षं पेट्या पाळायला बंदी, आणि कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर नाव. तो फळा बरोबर बसथांब्यासमोर आहे हे तुमच्या लक्षात आलं असेलच. नणंद त्या बसने कामाला जाते. घरी येऊन म्हणाली, वहिनी, भांडी तर तुझी लखलखीत असतात, मला वाटलं तेवढं तरी खरं असेल. हे एरवी बहिणीपुढे तोंड उघडत नाहीत. त्या दिवशी म्हणाले, चहा झाला असेल तर नीघ. पण ती एकटी नव्हती. ज्यांच्या पोरांच्या खोकल्याला माझा मध जायचा त्या बायका रस्ता बदलायला लागल्या.

इथून पुढे जे लिहितेय ते तुमच्या नोटिशीत नाही. ते मी माझ्या मनाने सांगतेय, नाहीतर खुलासा अर्धा राहील.

मला सूड हवा होता. न्याय वगैरे नंतर सुचलं. आधी चार महिने मी फक्त एवढाच विचार करत होते की तुमच्या कार्यालयाच्या खिडकीखाली ज्या बारा पांढऱ्या पेट्या आहेत, पाहुणे आले की ज्यांच्याशेजारी तुम्ही बुरखा न घालता उभे राहून फोटो काढता, त्या पेट्यांत तार निघाली पाहिजे. तुम्ही खड्डा खणला पाहिजे. आणि कारणाच्या रकान्यात तुम्ही काय लिहिता ते मला तुमच्या खांद्यावरून वाकून वाचायचं होतं.

तेवढ्यात कळलं की केंद्रात डबे धुणारी बाई काम सोडून गेली. माणसं ठेकेदार पुरवतो. त्याने माझं नाव विचारलं नाही, हात बघितले. तुमच्या यादीत मी कोण होते माहीत आहे? "धुणारी बाई, एक." तुमच्याच फळ्यावर माझं नाव टांगलेलं असताना मी पाच आठवडे रोज सकाळी त्या फळ्यासमोरून आत यायचे. तुम्ही तीनदा माझ्यासमोरून गेलात. एकदा म्हणालात, इथे घसरायला होतंय, पुसून घ्या. मी पुसून घेतलं.

धुण्याची खोली तुम्ही आतून बघितली आहे का? मागच्या बाजूला, दोन हौद, एक नळ. खिडकीची जाळी फाटलेली, त्यातून दिवसभर माश्या आत येतात आणि खरकट्या डब्यांवर बसतात. म्हणजे आजाराची ने-आण तिथे फुकटात होते. निळ्या क्रेटमध्ये गावोगावहून परत आलेले डबे, लाल क्रेटमध्ये आजाराचा संशय असलेले. असं भिंतीवर लिहिलेलं आहे. क्रेट मात्र एकात एक घातलेले होते आणि डबे सगळे एका ढिगात. मी पहिल्या दिवशी एकात हात घातला तर तळाशी बोटभर काळा थर, त्यात मेलेल्या माश्या, पट्टीला पांढरी लव. दुसऱ्यात आंबलेला पाक, दारूच्या गुत्त्यासारखा वास. आणि त्या प्रत्येकाच्या कानाला पिवळी चिठ्ठी. निर्जंतुक केले, तपासले.

भांडार सांभाळणारे भाऊ दारात खुर्ची टाकून बसलेले असतात. माणूस वाईट नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी मला स्वतःच्या थर्मासमधला चहा दिला. मी विचारलं, भाऊ, न धुता चिठ्ठी कशी? ते शांतपणे म्हणाले,

"ताई, आधी चिठ्ठी बांधायची. मग वेळ उरला तर धुवायचं."

आणि वेळ नाही उरला तर? तर चिठ्ठी आहेच की, म्हणाले. त्यांनी मला खण उघडून दाखवला. रबर लावलेले गठ्ठे, शंभर शंभरचे, प्रत्येकीवर तुमची सही आणि तारीख आधीच. साहेब महिन्यातून एकदा बसतात आणि सगळ्या करून टाकतात, एरवी सहीसाठी त्यांच्या मागे फिरायचं म्हणजे आमचा जीव जातो, असं भाऊ म्हणाले. त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. त्यांच्याआधीच्या माणसानेही तसंच केलं होतं, आणि त्याच्याआधीच्यानेही.

त्या दिवशी मी घरी जाऊन जेवले नाही. ह्यांनी विचारलं, सापडलं का काही. मी म्हटलं, मीच सापडले. माझी चूक मला सापडली होती ना. मी एका रबर लावलेल्या गठ्ठ्यावर विश्वास ठेवला होता.

पाचव्या आठवड्यात ढिगाच्या तळाशी चार नंबर मिळाला. माझा खिळा, माझा चार, शेपटी जरा वाकडी आलेली. आत तोच चिकट, तपकिरी थर. आणि कानाला दोऱ्यांची टोकं. तुमच्याकडे चिठ्ठी काढताना गाठ सोडत नाहीत, कापतात, त्यामुळे प्रत्येक चिठ्ठीमागे गाठीचं एक टोक कानात राहतं. मी मोजली. पाच होती. माझ्याकडून गेल्यावर हा डबा पाच चिठ्ठ्या बांधून पाच ठिकाणी जाऊन आला होता, आणि एकदाही त्याला पाणी लागलं नव्हतं. माझ्या डब्यांना साबण कधी लागला नाही म्हणून मी मिरवायचे. याला काहीच लागलं नव्हतं.

आता ऐका. मी तो डबा बाहेरून लख्ख पुसला. आतून हात लावला नाही. खणातून एक चिठ्ठी घेतली, दोऱ्याने बांधली आणि तो धुतलेल्या डब्यांच्या मांडणीवर सगळ्यांत पुढे ठेवला. त्या मांडणीवरून डबे तुमच्या बारा पेट्यांना जातात असा माझा समज होता. मला इतकं बरं वाटलं की मी दुपारी गाणं गुणगुणत हौद घासला, आणि भाऊ म्हणाले, आज ताई खुशीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ मांडणीवरचे डबे खोक्यांत भरत होते. एकेका खोक्यात एक डबा, एक बुरखा, एक माहितीपत्रक. मी विचारलं, हे कुठे? म्हणाले, गुरुवारी नवीन पालकांचं प्रशिक्षण आहे, त्यांना वाटायचे. नऊ जण आहेत. मग साहेबांच्या पेट्यांना कुठले? भाऊ हसले.

"साहेबांच्या पेट्यांना इथले डबे जात नाहीत, ताई. त्यांचे वेगळे आहेत. शनिवारी घरी जातात, मॅडम स्वतः धुतात, सोमवारी येतात. साहेब म्हणतात, इथल्या धुण्याचा भरवसा नाही."

साहेब, हे वाक्य तुम्ही परत वाचा. मी ते त्या खोलीत, हातात ब्रश घेऊन उभी असताना ऐकलं. तोपर्यंत मी तुम्हाला बेफिकीर समजत होते. आळशी, सह्या उरकणारा, आपल्याच खुर्चीच्या प्रेमात असलेला. तसली माणसं मी खूप बघितली आहेत, त्यांच्याबद्दल राग येतो आणि जातोही. पण तुम्हाला माहीत होतं. तुम्ही माझ्या अंगणात खड्ड्याच्या काठावर उभे राहून "चिठ्ठ्या दाखवा" म्हणालात तेव्हा तुम्हाला पक्कं माहीत होतं की त्या चिठ्ठीला काडीची किंमत नाही, कारण तुमच्या स्वतःच्या माश्यांना तुम्ही ती लावत नाही.

मी खोकी उघडली. चौथ्या खोक्यात माझा डबा होता. काढला. त्या नऊ जणांची दया आली म्हणून काढला असं लिहिलं तर छान दिसेल. खरं असं आहे की मला स्वतःचीच शिसारी आली. आणखी दोन दिवस गेले असते तर कुठलीतरी बाई पिवळी चिठ्ठी बघून खूश झाली असती, नवऱ्याला म्हणाली असती की सही आहे, आणि तिच्या घरी तो डबा तुम्ही नाही, मी पाठवलेला असता. त्याच्या जागी ढिगातला दुसरा घेतला आणि नऊच्या नऊ डबे मी त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी आत्याच्या पद्धतीने धुतले. भाऊ म्हणाले, ताई, त्यांना चिठ्ठ्या लागल्यात की. मी म्हटलं, भाऊ, गप्प बसा.

चार नंबर मी दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून घरी नेला. ही तुमची "कार्यालयीन वस्तूची चोरी". डबा माझा, त्यावर नंबर माझा, वर्षभर परत न देणारे तुम्ही, आणि चोर मी.

आता गुरुवार. मला बोलावलं होतं पाणी आणून ठेवायला. नऊ जण खुर्च्यांवर बसलेले. पुढच्या रांगेत एक निवृत्त शिक्षिका, वही उघडून. मागे दोन जावा, एकच पेन दोघींत. तुम्ही टेबलावरून एक डबा उचललात. तो मी धुतलेल्या नवांतला नव्हता, दाखवायला म्हणून सकाळी ढिगातून उचलून आणलेला होता, चिठ्ठीसकट. तुम्ही चिठ्ठी सगळ्यांना दाखवलीत आणि म्हणालात की स्वच्छतेच्या बाबतीत केंद्र कुठलीही तडजोड करत नाही, आणि पालकांचा गलथानपणा हेच आजाराचं मूळ आहे. उदाहरण दिलंत. एका बाईच्या अकरा पेट्या जाळाव्या लागल्या, म्हणालात, डब्यांत हात घालवत नव्हता.

मी तिथेच उभी होते, हातात पाण्याची बादली.

टेबलावर पांढरं घमेलं होतं. मी त्यात पाणी ओतलं, तुमच्या हातातून डबा घेतला. हिसकावला असं नोटिशीत आहे. घेतला. पण घमेल्याकडे नेण्याआधी तुमच्यासमोर धरला.

"साहेब, नाक घाला."

"तुम्ही कोण?" तुम्ही विचारलंत.

"धुणारी बाई, एक."

तुम्ही नाक घातलं नाहीत. शिक्षिकाबाईंनी घातलं, आणि मागे सरकल्या. मग मी डबा पाण्यात बुडवून हलवला. जे निघालं ते तुम्ही बघितलंत: काळ्या लगद्याचे तुकडे, मेण, माश्यांचे पाय, एका माशीचं अख्खं धड. पाणी चहाची पावडर टाकल्यासारखं तपकिरी झालं. मी कुणाला शिवी दिली नाही, आवाज चढवला नाही. भाऊंच्या खणातून आणलेला चिठ्ठ्यांचा गठ्ठा खिशातून काढून शिक्षिकाबाईंच्या वहीवर ठेवला. त्यांनी सवयीने पहिली चिठ्ठी वाचली, मग खालची, मग त्याखालची, आणि पेपर तपासताना म्हणावं तशा म्हणाल्या, यांच्यावर पुढच्या महिन्याची तारीख आहे.

मागच्या दोघी जावांपैकी धाकटी फिस्सकन हसली. मोठीने तिला कोपर मारलं आणि स्वतःच्या खोक्यातला डबा काढून त्यात नाक घातलं. मग एकेकाने घातलं. नऊ माणसं नऊ डब्यांत नाकं घालून बसली होती, साहेब, आणि त्यांच्या डब्यांना कसलाही वास नव्हता. आमच्या डब्याला वास नाही, असं एक जण म्हणालाही. मी म्हटलं, ते मी धुतलेत. तेच असभ्य वर्तन असावं.

तुम्ही म्हणालात की ही बाई मनात राग धरून आलेली आहे. खरं आहे. धरून आले होते आणि अजून धरून आहे. त्या रागाने तुमच्या घमेल्यातलं पाणी तपकिरी झालं नाही.

अवमानाबद्दल एवढंच म्हणेन की झाला असेल तर बरं झालं. त्याच्यासाठी मी पाच आठवडे वाकून हौद घासला आहे.

ऐकलं की भाऊंनाही तुम्ही मेमो दिलाय, चिठ्ठ्यांचा गैरवापर केला म्हणून. हात झटकायची ही तुमची दुसरी वेळ, पहिल्या वेळी खाली मी होते. दोरा त्यांनी बांधला, सही तुमची आहे. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत. ते तुमच्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाहीत, म्हणून मी लिहितेय.

माझा खुलासा संपला. आता तुमचा.

माझ्या फॉर्ममधल्या कारणाच्या रकान्यात काय लिहायला हवं होतं ते तुम्ही लिहाल, फळ्यावरून नाव काढाल, तीन वर्षांची बंदी उठवाल, हे मी मागतेच आहे. ते नाही दिलंत तर वरच्या कार्यालयात जाईन, तिथेही नाही दिलं तर त्यांच्या वरच्या. पण ते थांबू शकतं. माझ्या पेट्या काही राखेतून परत येत नाहीत.

हे थांबू शकत नाही. मी बांधलेला सोडून चार नंबरच्या कानाला पाच दोरे आहेत. म्हणजे पाच घरी हा डबा पाक घेऊन पेटीत बसला होता. त्या पाच घरच्या माणसांनी काडी घालून बघितली आहे का? त्यांना सांगितलं आहे का कुणी? की तेही कुठल्यातरी खड्ड्याच्या काठावर उभे राहून स्वतःला गलिच्छ समजत आहेत? ज्या तीन बिननंबरी डब्यांनी माझ्या पेट्या जाळल्या, ते माझ्याआधी कोणाकडे होते? भाऊंच्या वहीत फक्त "डबे, वाटप केले" असं लिहिलेलं आहे. नावं तुमच्या कपाटात आहेत, कुलपाच्या आत.

तुम्ही मला सात दिवस दिलेत. मी दोन दिवसांत लिहून दिलं. मी तुम्हाला सात देत नाही, कारण आजार सात दिवस थांबत नाही. या कागदाखाली जागा सोडली आहे. पाच घरं, साहेब. कोणाकोणाची? नावं लिहा.